कवळ तोडणारा माणूस

"त्या बाईला आधी काढा म्हणावं, मग पोरं धाडू. तोवर पोरं गुरांमागं गेली तरी चालतील."

माझ्या पुढच्या बाकावरची म्हातारी बोलली. तिच्या शेजारी एक तरुण बाई मांडीवर सुक्या मिरच्यांची पिशवी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बापाला वाईट बोलायचं शिकवते म्हणजे काय गो! आणि शिकवते कोण, तर ती."

'ती' म्हणताना तिनं हनुवटी खिडकीकडे उडवली, जणू बौद्धवाडी खिडकीच्या बाहेरच होती. बाहेर तेव्हा नदीचं कोरडं पात्र होतं आणि त्यात उभ्या दोन म्हशी.

पोलादपूरहून कापड्याकडे जाणारी दुपारची एसटी. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. मार्च संपत आला होता, महाडात तळ्यावरची गर्दी ओसरून आठवडा झाला होता. माझ्या मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत लहान मुलांची चित्रांची पुस्तकं. ज्या वाक्यावरून त्या दोघी बोलत होत्या ते मी लिहिलेलं होतं. बालवाडीच्या बाईनं ते फक्त वाचलं होतं. एसटीत हे एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसले होते.

म्हातारीनं वळून पाहिलं. "तू कोणाकडची गो?"

"महाडहून आलेय."

"चाललीस कुठं?"

"वाडीवर. शाळेत."

"मास्तरीण काय?"

"नाही."

"मग काय हायस? तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बोलतेस ती." दोघी हसल्या. मीही हसल्यासारखं केलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मला बोलायला वेळ लागतो. आमचं घर महाडचं, पण मी वाढले मुंबईत. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. मुलगी इंग्रजीत शिकली की तिला कोणी जात विचारणार नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करत, म्हणून मी मराठी बोलणं कमी केलं. इंग्रजी बोललं की माझ्या उच्चारांना मुली हसत, म्हणून तेही कमी केलं. उरलं ऐकणं आणि बघणं. पुढे वडिलांची तब्येत बिघडली, त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि आम्ही महाडला परत आलो. मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते आणि माझ्या चुलत बहिणींना येणारे निम्मे मराठी शब्द मला येत नव्हते. झाडांची नावं येत नव्हती, शेतीतली तर एकही नाही. मी एक वही केली. बाजारात, नळावर, स्टँडवर कानावर पडलेला शब्द घरी येऊन त्यात लिहायचा आणि त्याच्यासमोर मला कळलेला अर्थ. अर्थ कोणाला विचारायचा नाही. विचारलं की लोक हसतात, एवढं शाळेनं मला पक्कं शिकवलं होतं.

पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांवर बालवाड्या चालवणारी एक संस्था महाडात होती. तिचे कार्यवाह निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणत. मुंबईच्या कुठल्या कुठल्या शाळांतून त्यांच्याकडे इंग्रजी चित्रांच्या पुस्तकांची खोकी यायची. मोठ्या घरच्या मुलांनी वाचून टाकलेली पुस्तकं, पहिल्या पानावर कोणाचं तरी नाव, मध्येच कोणी खडूनं रंगवलेला हत्ती. बहुतेक पुस्तकं एकाच जातीची. पडलेल्या पिल्लाला घरट्यात ठेवावं, आपल्यातला घास दुसऱ्याला द्यावा, फुलं तोडू नयेत, मुंगीलाही जीव असतो. सरांना अशीच पुस्तकं हवी होती. "लहानपणी दया शिकली नाही तर माणूस मोठेपणी शिकत नाही," असं ते म्हणायचे.

त्यांनी मला तिथे कामाला घेतलं. माझं काम असं होतं. इंग्रजी ओळ वाचायची, ती मराठीत करायची, पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर ठसठशीत अक्षरात लिहायची आणि कणकेच्या खळीनं इंग्रजी ओळीवर नेमकी चिकटवायची. दिवसभर कोणाशी बोलावं लागत नसे. मी पट्टी इतकी बेताची कापायची की खालचं इंग्रजी अक्षर कुठूनही दिसू नये. त्या कामात मी सुखी होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

पहिल्यांदा वाडीवर गेले ती पुस्तकं कशी वाचली जातात ते बघायला. वाडीचं नाव इथे देत नाही. कापड्याहून वर चढून जावं लागे. बालवाडी प्राथमिक शाळेच्या पडवीत भरायची आणि बाई खालच्या बौद्धवाडीतली होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, सातवी पास. नवरा मुंबईला गेला तो गेलाच. बालवाडीच्या मानधनावर ती आणि तिची म्हातारी सासू राहत. गावातली मुलं तिच्यासमोर येऊन बसायला एक अख्खं वर्ष गेलं होतं, असं तिनंच मला सांगितलं. सांगताना हसली. "पहिल्या वर्षी आमच्या वाडीचीच पोरं. दुसऱ्या वर्षी एक म्हातारी आपल्या नातवाला सोडून गेली, घरी त्रास द्यायचा म्हणून. तो आल्यावर बाकीची आली."

मग तिनं तांब्या पुढे केला आणि विचारलं, "पाणी चालेल ना ताई, आमच्याकडचं?"

मी "हो" म्हटलं आणि प्याले. मी तुमच्यातलीच आहे, एवढं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. पुन्हा कधीतरी सांगू, असं वाटलं.

त्या दिवशी तिनं सशाचं पुस्तक काढलं होतं. चित्रात एक गोरा मुलगा सशाच्या पायाला पट्टी बांधत होता.

"हा काय करतोय रे?" बाईनं विचारलं.

"ससा बांधतोय."

"कशाला बांधतोय?"

"पळेल ना! मग कालवण कशाचं करायचं?"

सगळी पडवी हसली. बाईही हसली, मग माझ्याकडे बघून तिनं तोंड आवरलं. "अरे मेल्या, त्याला लागलंय. औषध लावतोय तो."

"मग बरा झाला का खाणार?"

"नाय खाणार. सोडून देणार."

"येडा हाय काय तो?"

एक मुलगी मात्र हसली नाही. पाचेक वर्षांची, पुढच्या रांगेत, केसांना तेल चोपडलेलं. ती पुढे सरकली, पुस्तकावर वाकली आणि सशाच्या पायावर तिनं हळूच फुंकर घातली. बाई मला म्हणाली, "हिला सगळं खरं वाटतं. चित्रातला पाऊस बघून एकदा डोक्यावर इरलं घेऊन बसली."

मी घरी जाताना त्या मुलीचाच विचार करत होते. मला वाटलं, पुस्तक कोणासाठी करायचं तर हिच्यासाठी.

त्यानंतर खोक्यातून झाडाचं पुस्तक आलं. एकाच शाळेनं पाठवलेलं, म्हणून त्याच्या तीन प्रती होत्या. मोठं हिरवं झाड, त्याला डोळे आणि तोंड. एक माणूस फांद्या तोडतो, झाडाच्या डोळ्यांतून निळं पाणी. मग मुलं धावत येऊन बुंध्याला मिठी मारतात, माणूस खाली मान घालून निघून जातो. मी पट्टी लिहिली, 'दुष्ट लाकूडतोड्या फांद्या तोडतो. झाड रडतं.' सरांनी वाचून मान हलवली. "लाकूडतोड्या पुस्तकी झाला. इथली पोरं असं म्हणतात का? इथला शब्द बघा."

माझ्या वहीत शब्द होता. महाडच्या बाजारात डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई दुसरीला सांगत होती, "माणूस कवळ तोडायला गेलाय, म्हणून मी एकटी आली." मी मोळीकडे पाहिलं होतं आणि घरी येऊन लिहिलं होतं: कवळ, म्हणजे विकायची लाकडं. आता तो शब्द काढला आणि नवी पट्टी केली. 'कवळ तोडणारा माणूस वाईट. झाड रडतं.'

"वा!" सर म्हणाले. "याला म्हणतात मातीतला शब्द."

मला कोणी असं कधी म्हटलं नव्हतं. ते वाक्य मी आठ दिवस मनात घोळवत होते.

पुस्तक मी स्वतः वाडीवर नेऊन दिलं. बाईनं तिथेच पानं उलटली. त्या पानावर थांबली, ओठ हलवत पट्टी वाचली, पुन्हा वाचली.

"ताई, हे असंच वाचायचं?"

"हो."

"कवळ?"

मला वाटलं, माझं अक्षर तिला लागत नाहीये. "हो, असंच," मी म्हटलं.

ती थोडा वेळ पट्टीकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि पुस्तक पिशवीत ठेवलं. त्या वेळी मी एक शब्द विचारला असता तर पुढचं काही झालं नसतं. 'का, काय झालं?' एवढाच.

पंधरा-वीस दिवसांनी सर ऑफिसात आले ते टोपी न काढताच बसले. वाडीवर गोंधळ झाला होता. सशावर फुंकर घालणारी ती मुलगी रोज रात्री जेवताना बापाला विचारायची, "बाबा, तू वाईट हायस?" बाप हसायचा. आई म्हणायची, हो, वाईट हाय, भात संपवतो सगळा. मग एका सकाळी तो झाडावर चढला असताना मुलगी घरातून निघून त्याच्यामागं गेली आणि तिनं बुंध्याला मिठी मारली. वर फांदी अर्धी तुटलेली. खाली पोरगी बघून त्यानं कोयता दूर फेकला आणि तुटती फांदी दोन्ही हातांनी धरून ठेवायला गेला. फांदी पोरीवर पडली नाही. तो पडला. उजवा हात मनगटापाशी आणि वर कोपराजवळ मोडला. महाडला आणून प्लास्टर घातलं. पोरगी त्या दिवसापासून बोलत नव्हती.

सर म्हणाले, "त्या बाईनं काय वाचून दाखवलं कोण जाणे."

मी खळीचं भांडं उचललं आणि मागच्या पडवीत गेले. शिपाई तिथे विडी ओढत बसला होता. तो पोलादपूरकडचाच. आयुष्यात पहिल्यांदा मी शब्दाचा अर्थ विचारला.

"काका, कवळ म्हणजे काय हो?"

तो खरोखरच हसला. "कवळ? अहो ताई, कवळ नाय माहीत? ऐनाच्या, किंजळीच्या डहाळ्या. पाल्यासकट. तोडायच्या, वाळवायच्या, जमिनीवर पसरायच्या आणि भाजायच्या. तो राब. राब भाजला का त्यात भाताचं बी पेरायचं. राब नाय तर रोप नाय, रोप नाय तर भात नाय."

"म्हणजे सगळेच तोडतात?"

"ज्याला भात खायचाय तो तोडतो," तो म्हणाला.

म्हणजे माझ्या पट्टीवरचा वाईट माणूस एकटा कोणी नव्हता. प्रत्येक मुलाचा बाप. माझ्या सुंदर अक्षरात.

त्या संध्याकाळी मी सरांच्या टेबलासमोर तीनदा जाऊन उभी राहिले. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "काय हवंय?" मी म्हटलं, खळ संपलीय. दुसऱ्यांदा म्हटलं, उद्या उशिरा आले तर चालेल का. तिसऱ्यांदा ते घरी निघाले होते. दुसऱ्या दिवशी मी बाकीच्या दोन बालवाड्यांतल्या प्रती दुरुस्तीसाठी म्हणून मागवून घेतल्या. आल्यावर ओल्या फडक्यानं पट्टी भिजवली, नखानं खरवडून काढली, तिथे लाकूडतोड्या चिकटवला. कोणी विचारलं नाही. नखाखाली लगदा राहिला तो दोन दिवस निघत नव्हता.

ऑफिसात सगळे तेच म्हणायचे, चूक झाली, गैरसमज झाला. माझ्या मनात वाक्य तयार होतं, पण इंग्रजीत. इंग्रजीत ते सोपं होतं, पहिलाच शब्द 'मी'. मराठीत जुळवायला गेलं की 'चूक झाली' असंच व्हायचं आणि त्यातून मी गळून जायचे. रात्रंदिवस मी ते वाक्य जुळवत होते. घरी आई म्हणायची, "पुटपुटतेस काय?" वडिलांना सांगावं असं एकदा वाटलं. ते खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते आणि आल्यागेल्याला सांगत होते, "आमची मुलगी पुस्तकं लिहिते." मी चहा ठेवून आत आले.

मग गावानं निरोप पाठवला. बाईला काढा, नाहीतर बालवाडी बंद. सरांनी बैठक ठरवली. मला म्हणाले, "तुम्ही दुपारच्या गाडीनं पुढे व्हा. ते पुस्तक ताब्यात घ्या. मी स्कूटरवर येतो."

म्हणून मी त्या एसटीत होते.

बाई मला शाळेच्या खालच्या वाटेवरच भेटली. पुस्तक तिच्या हातात होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. तिनं ते मला दिलं. मी पिशवीत टाकलं. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं ना कवळ म्हणजे काय?"

"मला नाय माहीत तर कोणाला माहीत?" ती म्हणाली. "आमच्याकडे शेत नाय, पण दुसऱ्यांची कवळं डोक्यावर वाहिलीत मी."

"मग वाचलंत कशाला?"

ती थांबली. "ताई, मी विचारलं होतं. तुम्ही बोललात, असंच. मला वाटलं, शिकलेल्या लोकांनी ठरवलं असेल. फारेस्टवाले पण बोलतातच ना, झाडं तोडू नका." मग चालता चालता म्हणाली, "वाचताना माझी जीभ अडली होती. पोरांनी ओळखलं असेल काय माहीत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला त्याला उत्तर देता आलं असतं.

बैठकीला वेळ होता. ती मला मुलीच्या घरी घेऊन गेली, म्हणजे अंगणापर्यंत. स्वतः अंगणाच्या कडेला उभी राहिली. बाप ओटीवर बसला होता, हात गळ्यात. मला बघून त्यानं पाय आवरले. "या ताई. बसा. डावा हात मोकळा हाय, नमस्कार तेवढा अर्धा घ्या."

आतून त्याची बायको बोलली, "ह्यांना मस्करी सुचते. राब अर्धा पण झाला नाय."

"होईल. भावकीनं वाटून घेतलाय. रविवारी सगळे येतात तोडायला." मग आवाज उतरवून मला म्हणाला, "म्हणून बैठकीत मी काय बोलणार नाय. मला बाईबद्दल काय नाय. पण भावकीच्या हातात माझा राब हाय. समजलात ना?"

मी मान हलवली. समोर परड्यापलीकडे तो पडला ते ऐनाचं झाड दिसत होतं. एका अंगाच्या फांद्या तोडलेल्या, दुसऱ्या अंगाला पालवी, आणि वर शेंडा तसाच सोडलेला. माझी नजर तिकडे आहे हे त्यानं पाहिलं. "शेंडा ठेवतो आम्ही. माझ्या आज्यानं पण ठेवलेला. झाड मारून आम्ही कशावर जगायचं?"

मुलगी दाराच्या आड होती. नुसता एक डोळा आणि फ्रॉकची कड दिसत होती. आई म्हणाली, "जेवते, झोपते. सांगितलं ते करते. बोलत नाय फक्त. बापाच्या हाताकडे बघत पण नाय." मी तिच्याकडे पाहिलं तशी ती आत सरकली. तिला जवळ घेऊन सांगावं, तुझं काही चुकलं नाही, असं मला वाटत होतं. माझ्या पिशवीत चार पुस्तकं होती, सगळी दयेची. मी चहा प्याले, येते म्हटलं आणि उठले.

शाळेच्या पडवीत तोवर माणसं जमली होती. पोलीस पाटील, पंधरा-वीस गडी, भिंतीला टेकून काही बायका. सर खुर्चीवर. मला स्टुल दिलं. बाई पायरीवर बसली, जिथे रोज तिची मुलं चपला काढायची तिथे.

"विषय साधा हाय," पोलीस पाटील म्हणाले. "पोरांना बाप वाईट असं शिकवलं. माणूस मरता मरता वाचला."

मागून कोणी तरी बोललं, "ज्यांना राब नायत त्यांना काय कळणार कवळ? आपण तोडतो ते डोळ्यांत सलतं, दुसरं काय!"

"गप रे."

"गप कशाला? बोलून दे. एवढी वर्षं खाली बसायचे, आता आमच्या पोरांच्या वर बसतात."

कोणी हसलं. बाईनं पदर गुडघ्यावर ओढून घेतला. मी बोलले तर हे विचारतील, तू कोण, कोणाची, आडनाव काय. आणि मग म्हणतील, लिहिणारी पण तसलीच, वाचणारी पण तसलीच, दोघींनी मिळून केलं. मग बाईचं अजूनच वाईट होईल. हे खरं होतं. पण ते मला फार सोयीचंही होतं, आणि तेवढं त्या क्षणीसुद्धा मला कळत होतं.

सर म्हणाले, "बाईंच्या हातून चूक झालीय, हे संस्था मान्य करते. बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

ती उभी राहिली. "लिहिलं होतं तसं वाचलं मी."

"लिहिलेलं समजून वाचायचं असतं," सर म्हणाले. पट्टी त्यांनीही पाहिली होती, वा म्हटलं होतं. ते विसरले होते की आठवून बोलत होते, ते मला आजही सांगता येणार नाही.

बाईनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. वाट बघतात तसं. मी पायाखालच्या फरशीची भेग बघत होते. मग ती खाली बसली.

पुढचं भराभर झालं. बालवाडी राहील, बाई बदलेल. गावातलीच द्या, असं पोलीस पाटील म्हणाले. सर म्हणाले, बघू, होईल तसं. मुलीचा बाप खांबाजवळ उभा होता, त्यानं प्लास्टरवर डावा हात ठेवला होता आणि तो वर बघत नव्हता. हजेरीपट मागवला. बाईनं कनवटीला बांधलेली बालवाडीच्या पेटीची किल्ली सोडली. गाठ घट्ट होती, तिला दातानं सोडवावी लागली. किल्ली तिनं पायरीवर ठेवली, हातात दिली नाही, आणि पोलीस पाटलांनी ती तिथून उचलली. झालं. माणसं उठायला लागली. कोणी विडी शिलगावली, कोणी रविवारच्या कवळाचं बोलत होतं, कोयते कोणाकडे किती. सर मला म्हणाले, "चला, उजेड आहे तोवर खाली उतरू."

मी स्टुलावरून उठले. पाय सरांच्या मागे निघायला हवे होते, ते निघेनात. बाई चपला घालत होती. भिंतीच्या कोपऱ्यात मला ती मुलगी दिसली, आईच्या लुगड्याला धरून उभी. ती कधी आली होती कोण जाणे. तिनं सगळं ऐकलं असणार. म्हणजे आता तिला दोन गोष्टी माहीत होत्या. तिच्यामुळे बाप पडला आणि तिच्यामुळे बाई गेली.

मी पिशवीतून पुस्तक काढलं, वर्तमानपत्र फाडलं, ते पान उघडलं. बोलले तेव्हा आवाज इतका बारीक निघाला की पोलीस पाटील "काय? काय बोलली ती?" असं विचारत मागे वळले. मला ते पुन्हा बोलावं लागलं, मोठ्यानं, माझ्या मोडक्या मराठीत, सगळ्यांकडे नाही, त्या कोपऱ्याकडे बघून.

"हे अक्षर माझं आहे. बाईंचं नाही. कवळ म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नाही. तुझे बाबा वाईट नाहीत. तू पण नाहीस. हे मी केलं."